कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्समधला काही भाग पोलिसांना जातो म्हणतात. तो आमच्या शहराच्या पोलिसांना मिळतो का?

जातो, शंभर डॉलरच्या खरेदीमागे पन्नास सेंट. तूरडाळ, पोहे घेतलेत तर काहीच नाही, कारण किराण्यावर इथे सेल्स टॅक्स नाही; त्याच दुकानातून कुकर उचललात की आहे. पावतीवर मात्र सगळा टॅक्स एकाच ओळीत येतो, त्यामुळे हे कळत नाही. राज्याच्या ७.२५ टक्क्यांच्या मूळ दरातला अर्धा टक्का हा.

आता तुमच्या शहराचं. तुम्ही पुण्याहून नुकतेच क्युपर्टिनोला आलात म्हणताय, म्हणून आधी एक फरक सांगतो. आपल्याकडे पोलीस राज्याचे. पुण्यातल्या हवालदाराचा पगार महापालिका नव्हे, गृहखातं देतं. इथे शहराचे पोलीस शहराच्या तिजोरीवर, आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीस, काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा). मग राज्याला यात पडायचं कारण काय? कारण राज्यानेच आधी त्यांच्या खिशात हात घातला होता.

इथे कायद्याचा प्रस्ताव थेट लोकांच्या मताला टाकतात, त्याला प्रपोझिशन म्हणतात. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर एक टक्क्यावर बांधला आणि त्याची वाटणी विधिमंडळाच्या हाती गेली. नव्वदीच्या मंदीत राज्याला शाळांचा खर्च झेपेना, तेव्हा १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षं शहरं नि काउंट्यांचा प्रॉपर्टी टॅक्स शाळांकडे वळवला. दुसऱ्या वर्षीच २.६ अब्ज डॉलर! साहजिकच ओरड झाली. तोंड बंद करायला म्हणून एक तात्पुरता अर्धा टक्का सेल्स टॅक्स, जो संपायलाच आला होता, तो कायम करून स्थानिक सुरक्षेसाठी राखून ठेवायचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला गेला. हेच प्रपोझिशन १७२. मतदान २ नोव्हेंबर १९९३ ला होतं. त्याआधीच्या आठवड्यात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचला शेकडो घरं जळाली होती, आणि मतदानाच्याच दिवशी मालिबूच्या डोंगरात नवी आग भडकली. अशा वेळी फायर ब्रिगेडच्या पैशाला नाही कोण म्हणणार? प्रस्ताव आरामात पास झाला.

वाटणीची तऱ्हा बघा. कुठल्या काउंटीत किती करपात्र विक्री झाली, त्या प्रमाणात पैसा. गुन्हे किती, वस्ती किती, याच्याशी संबंध नाही. मोठे मॉल असलेली काउंटी खुशीत, डोंगरातली गरीब काउंटी कोरडी. माझ्या मते या कायद्यातली ही सगळ्यात अडाणी गोष्ट. काउंटीत आलेल्या पैशातला बहुतेक भाग काउंटीच ठेवते: शेरीफ, तुरुंग, सरकारी वकील. शहरांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये बसलेल्या फटक्याच्या हिशेबाने थोडंसं मिळतं. आणि 'सार्वजनिक सुरक्षा' म्हणजे फक्त पोलीस असंही नाही, कायद्याच्या यादीत समुद्रकिनाऱ्यावरचे लाइफगार्डसुद्धा आहेत.

शिवाय क्युपर्टिनोला स्वतःचे पोलीसच नाहीत. शहर शेरीफशी करार करतं, म्हणून तुमच्या गल्लीत फिरणारी गाडी शेरीफची. शेजारच्या सनीव्हेलमध्ये तर तोच माणूस पोलीसही आणि फायरमनही. १९५० पासून तिथे एकच खातं आहे.

थेट शहरापर्यंत पोचणारा पैसा हवा असेल तर पोलिसांसाठीचा राज्याचा १९९६ चा कॉप्स (COPS) नावाचा कार्यक्रम बघा. वाटणी लोकसंख्येवर, पण प्रत्येक शहराला किमान एक लाख डॉलर. त्यामुळे साडेतीन हजार वस्तीच्या मॉन्टे सेरेनोलाही लाख मिळतात. अट एवढीच की हा पैसा आधीच्या पोलीस खर्चात भर घालणारा हवा, त्याच्या जागी वापरायचा नाही. प्रपोझिशन १७२ लाही नंतर अशीच अट जोडली: सुरक्षेवरचा खर्च ठरावीक पातळीखाली गेला तर पैसा कापणार. कागदावर ठीक आहे. पण पगार दरवर्षी वाढतातच, त्यामुळे जुनी पातळी बसल्याजागी ओलांडली जाते, आणि नव्या पैशातून खरंच जास्त माणसं नेमली की जुनंच बिल भागवलं हे बाहेरून ओळखणं कठीण.

तुम्हाला शोधायचंच असेल तर क्युपर्टिनोच्या बजेटमध्ये शेरीफच्या कराराची ओळ बघा, तो खर्च मुख्यतः शहराच्या जनरल फंडातून, म्हणजे सर्वसाधारण तिजोरीतून, होतो. अर्ध्या टक्क्याचा मोठा हिशेब तुमच्या सांता क्लारा काउंटीच्या बजेटात सापडेल. त्यावर बोलायचं असेल तर सिटी हॉलमध्ये जाऊन उपयोग नाही. जूनमध्ये सॅन होजेला काउंटी सुपरवायझरांच्या, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या सदस्यांच्या, बजेट सुनावण्या होतात, तिथे कुणालाही बोलता येतं.