उत्तर: ‘डोकं मोठं, पाय आखूड’ असं सगळे म्हणतात, पण दुरुस्त नक्की काय करायचं?

ओळखीचं दुखणं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधीच माफी.

नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, तुम्ही टाकलेलं चित्र: एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाचं रेखाटन, फोटोवरून, ए3 कागदावर, 40 मिनिटांचं. त्याखाली आलेले शेरे असे: ‘डोकं मोठं झालंय’, ‘धड लांब वाटतंय’, ‘पाय आखूड’, ‘माणूस पडतोय’, ‘अ‍ॅनाटॉमीवर (म्हणजे हाडं-स्नायूंच्या रचनेवर) मेहनत घ्या’, चार-पाच ‘मस्त’, आणि एका सदस्यानं लाल रेघांनी वरून अख्खी आकृतीच नव्यानं काढून दिली. तुमचे प्रश्न दोन. यातलं ऐकायचं कुणाचं? आणि दुसऱ्याच्या चित्राखाली आपण लिहायचं ते काय?

मी शिकवत नाही, हौशीच आहे. पुढचं सगळं समोर बघून किंवा फोटोवरून, वास्तवाला धरून काढलेल्या आकृतीबद्दल आहे. कार्टून किंवा अ‍ॅनिमेला यातलं निम्मं लागू नाही. साडेसात डोक्यांचं प्रमाण (उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या उंचीच्या साधारण साडेसातपट), कोपर ताठ ठेवून पेन्सिलीनं माप घेणं वगैरे तुम्हाला येतंय असं धरून चालतो आपण.

पहिली गोष्ट म्हणजे ‘डोकं मोठं’, ‘धड लांब’ आणि ‘पाय आखूड’ ही तीन माणसांची तीन मतं नाहीत. तक्रार एकच आहे: वरचा भाग खालच्या भागाच्या मानानं मोठा झालाय. ज्याची नजर जिथे अडली, त्यानं तिथलं नाव घेतलं. बघणाऱ्याला कुठे खटकतंय ते बहुतेक वेळा बरोबर कळतं. का खटकतंय आणि त्यावर उपाय काय, हे मात्र तो अंदाजानं सांगत असतो. तीन जणांनी एकाच भागाकडे बोट दाखवलं तर त्या भागावर विश्वास ठेवा, त्यांच्या औषधावर लगेच नको.

मला सर्वात महाग पडलेली चूक हीच. ‘अ‍ॅनाटॉमी कच्ची आहे’ हा शेरा शब्दशः घेतला आणि जवळजवळ वर्ष स्नायूंचे तक्ते गिरवण्यात घालवलं. एका वर्गातही (नाव नको) हाच शेरा दर आठवड्याला मिळायचा, कारण तो कुठल्याही चित्राला चालतो आणि देणाऱ्याला चित्राकडे नीट बघावंही लागत नाही. दोष होता टेबलात. कागद टेबलावर सपाट ठेवून काढलेल्या आकृतीचं डोकं मोठंच होणार, मग तुम्हाला मांडीचे सगळे स्नायू तोंडपाठ असोत.

तर ‘डोकं मोठं, पाय आखूड’ हे एक लक्षण झालं. त्याची किमान चार कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

एक, सपाट ठेवलेला कागद. टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब आणि तिरकी असते, म्हणून तिथलं सगळं दबलेलं दिसतं. हात नकळत भरपाई करतो आणि वरचा भाग ताणून काढतो. बसल्या जागेवरून चित्र बरोबर दिसतं, कागद उभा धरला की डोकं उंच आणि मोठं, छाती लांब, पाय आखूड. खूण अशी की बिघाड हळूहळू वाढत वर जातो, मध्येच उडी नसते. कागद जितका मोठा तितका हा प्रकार जास्त. तपासायचं असेल तर चित्र परत त्याच टेबलावर ठेवा, त्याच खुर्चीत तसेच बसा. आता बरोबर वाटलं तर चोर सापडला. उपाय एवढाच की कागद बोर्डाला लावून बोर्डाची खालची कड मांडीवर आणि मागची बाजू टेबलाच्या कडेला टेकवून तो इतका उभा करायचा, की कागदाच्या मध्यावर पडणारी नजर कागदाला काटकोनात असेल. आणि दर पाच मिनिटांनी उठून दोन पावलं मागे जायचं.

दोन, कागद संपला. डोक्यापासून सुरुवात केली, रमतगमत खाली आलो, गुडघ्यापाशी लक्षात आलं की आता चार बोटंच जागा उरलीय. मग नडग्या आखडतात आणि पावलं कडेला चिकटतात. इथे बिघाड हळूहळू होत नाही. मांडीपर्यंत सगळं ठीक आणि त्याखाली एकदम गडबड, हीच ओळख. सुरुवातीलाच डोक्याचा माथा, तळपाय आणि दोहोंचा मध्य अशा तीन खुणा करून घ्या. ताठ उभ्या प्रौढ माणसात मध्य साधारण जांघेपाशी येतो. बसलेल्या किंवा वाकलेल्या आकृतीत हा नियम सोडा, तिथे फोटोतला मध्य कुठे पडतो ते मोजून घ्या.

तीन, मूळ फोटोच तसा आहे. फोनचा कॅमेरा वाइड असतो, म्हणजे जवळूनही बरंच दृश्य टिपतो. मीटरभर अंतरावरून, डोळ्यांच्या उंचीवर धरून, खाली झुकवून उभ्या माणसाचा फोटो काढला की डोकं खरोखरच मोठं येतं आणि पाय निमुळते होतात. तुम्ही ते इमानदारीनं उतरवलं आणि शेरे खाल्ले! फोटोवरच डोक्याच्या उंचीनं मोजून बघा. फोटोतच सहा डोकी भरत असतील तर तुमच्या हाताचा दोष नाही, फोटो बदला. तीन मीटर किंवा जास्त अंतर, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, न झुकवता.

चार, चित्राचा फोटो वाकडा. मांडीवरच्या चित्रावर वरून फोन धरला आणि तो वरच्या कडेजवळ गेला की कागदाची वरची कड खालच्या कडेपेक्षा रुंद येते आणि डोकं फुगतं. कागदाच्या चारही कडा फोटोत असतील तर बघणाऱ्याला हे एका नजरेत कळतं. तुम्ही टाकलेल्या फोटोत कडा कापलेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत यातलं नेमकं कोणतं कारण ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बिघाड गुडघ्यावरून उडी न घेता हळूहळू वर गेलेला दिसतो, म्हणून माझा संशय पहिल्यावर.

आता ‘माणूस पडतोय’. हा शेरा मला सर्वात मोलाचा वाटला, आणि तुम्ही त्यालाच उत्तर दिलेलं नाही. प्रमाण थोडं चुकलेली आकृती चालून जाते, तोल गेलेली जात नाही. सगळा भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा (सरळ खाली जाणारी उभी रेघ) त्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास उतरायला हवा. तुमच्या चित्रात पट्टी लावून बघा, तो दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरतोय. दुसरं म्हणजे भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. तुम्ही खांदे आणि कंबर दोन्ही आडव्या रेषेत ठेवलेत, म्हणून पायांनी एक गोष्ट सांगितली आणि धडानं दुसरी. हे स्नायूंचं काम नाही. पहिल्या मिनिटात टाकायच्या तीन रेघा आहेत: खांद्यांची, कंबरेची आणि ओळंब्याची.

लाल रेघांचं चित्र. ज्यांनी दिलं त्यांचा हेतू चांगला असणार, पण माझं मत विचाराल तर न विचारता दुसऱ्याच्या चित्रावर अख्खी आकृती काढू नये. त्यातून ‘तुझं चूक, माझं बरोबर’ एवढंच कळतं. शंभर रेघांपैकी कुठली महत्त्वाची ते कळत नाही. शिवाय काढणाऱ्याची ढब त्यात मिसळते आणि नवखा माणूस तीच दुरुस्ती समजून गिरवत बसतो. वर म्हटलेल्या तीन रेघा काढून दिल्या असत्या तर काम झालं असतं. आता ते चित्र आलंच आहे तर त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त सर्वात मोठा फरक शोधा. आकृतीची एकूण उंची, मध्य, खांद्यांचा कल यापलीकडे बघू नका. नाकाचा आकार त्यांचा छान आलाय म्हणून तो घेऊ नका.

दुसऱ्यांच्या चित्राखाली काय लिहायचं? आधी बघा की चित्र किती वेळाचं आहे. एक-दोन मिनिटांच्या जेश्चरखाली (फक्त पोझची हालचाल पकडणाऱ्या झटपट रेखाटनाखाली) ‘बोटं नीट नाहीत’ लिहिणारे लोक मला समजत नाहीत. तिथे फक्त हालचाल आणि तोल यावर बोलावं. वीस मिनिटांच्या पुढे प्रमाण आणि मोठे आकार, तासाभराच्या चित्रात मग छायाप्रकाश आणि आकारांच्या कडा. क्रमही हाच ठेवा, म्हणजे तोल चुकलेला असताना सावलीबद्दल बोलू नका, कारण तोल सुधारला की ती सावली तशीही पुसली जाणार आहे. एका वेळी एक मोठी गोष्ट, फार तर दोन. सात चुका सांगितल्या की समोरचा त्यातली सर्वात सोपी दुरुस्त करतो, आणि ती सहसा पापण्यांची असते.

वाक्य कसं असावं, याचा एक नमुना देतो आपण. ‘पोटरी विचित्र वाटते’ यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी: ‘उजव्या पोटरीचे दोन्ही फुगवटे एकाच उंचीवर आलेत, त्यामुळे पाय बाटलीसारखा दिसतो. बाहेरचा फुगवटा वर आणि आतला थोडा खाली घेऊन बघा. घोट्यांचं उलट, आतला वर, बाहेरचा खाली.’ जागा, दिसतं काय, आणि करून बघायची एक गोष्ट. तपासता येईल असं लिहा. समोरच्यानं पट्टी लावून ‘नाही, तुमचंच चुकतंय’ म्हणायची सोय त्यात हवी.

‘आत्मविश्वासानं रेघ ओढा’ हाही तसाच पोकळ सल्ला. केसाळ, तुटक रेघा येतात कारण पेन्सिल टोकाशी धरलेली असते आणि मनगट कागदावर टेकलेलं असतं, म्हणजे हाताला तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जाताच येत नाही. पेन्सिल सात-आठ सेंटिमीटर मागे धरा, हात खांद्यातून हलवा, कागदाला न टेकवता दोन-तीनदा तीच रेघ हवेत फिरवा आणि मग एकदाच ओढा. हे सांगा त्यांना, आत्मविश्वासाचं राहू द्या.

कौतुकही नेमकं हवं. त्यात गोडवा आहे म्हणून नव्हे, तर काय मोडू नये ते कळावं म्हणून. तुमच्या चित्रात मानेपासून डाव्या खांद्यावर उतरणारी रेघ एका दमात आलीय आणि बरोबर जागी आहे. पुढच्या वेळी तिला हात लावू नका.

चित्र टाकताना ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘मस्त’ येणार, त्यात लोकांचा दोष नाही. मूळ फोटो, लागलेला वेळ, कागदाचा आकार, माध्यम आणि एकच प्रश्न द्या. उदाहरणार्थ, ‘भार उजव्या पायावर आहे हे पटतंय का?’ प्रत्यक्ष मॉडेल बघून काढलं असेल तर मॉडेलच्या परवानगीशिवाय तिचा किंवा त्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही, यावर चर्चा नको. अशा वेळी सोबत मापं लिहून द्या: किती डोकी भरली, खांदा कुठल्या बाजूला कललेला होता, ओळंबा कुठे पडला. आणि शेरे रेघांवर द्यायचे, मॉडेलच्या शरीरावर नाही. हे सांगावं लागतं याचाच कंटाळा येतो.

शेरे आल्यावर त्याच कागदावर खोडरबर घेऊन बसू नका. काढत असताना दुरुस्ती करणं वेगळं, पण दोन दिवसांनी दहा जणांचं ऐकून त्याच चित्राला ठिगळं लावली की कागदाचा पोत मरतो आणि शिकायला काही मिळत नाही. डोकं लहान केलं की मान लांब दिसते, मान आखडली की खांदे चढतात, हे संपत नाही. तीच पोझ नव्या कागदावर पाच-पाच मिनिटांत तीनदा काढा, प्रत्येक वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवून. जुनं चित्र तारीख टाकून तसंच राहू द्या.

जाता जाता: आरशात बघून किंवा फोनवर उलटं करून चूक शोधायची युक्ती चांगली आहे, पण बरेच जण फक्त चित्र उलटं करतात. मूळ फोटोही उलटा करून शेजारी ठेवा. नाहीतर मुळातच कललेलं डोकं तुम्ही ‘सुधारून’ सरळ कराल.

आज आधी ते चित्र टेबलावर ठेवून त्याच खुर्चीतून बघा. मग कागद भिंतीला लावा, फोन कागदाच्या मध्याच्या उंचीवर धरून दीड मीटर मागे या, 2एक्स झूम करून चारही कोपऱ्यांसकट फोटो घ्या आणि मूळ फोटोसोबत इथेच टाका. खुर्चीतून काय दिसलं तेही लिहा, माझा संशय चुकलाही असेल.