मिरची, आलं, तीळ खाल्ल्याने थंडी खरंच कमी वाजते का?

हो, थोडी कमी वाजते, पण आपण समजतो तशी नाही. तिखट झणझणीत रस्सा प्यायला की कान गरम होतात, कपाळावर घाम येतो, आपल्याला वाटतं गरम झालो, पण खरं तर कातडीकडे रक्त वाढून उष्णता बाहेरच जात असते. म्हणजे गाडीवर बसायच्या आधी हा उपाय करू नका 😄

खरा इंटरेस्टिंग भाग ब्राऊन फॅटचा आहे, ही चरबी साठून न राहता जळून उष्णता देते. जपानमध्ये 2013 च्या एका अभ्यासात, ज्यांच्यात ही चरबी कमी होती त्यांना 6 आठवडे रोज 9 मिलिग्रॅम कॅप्सिनॉइड दिलं (एका गोड मिरचीत असतं, तिखट लागत नाही), तर थंडीत त्यांचं शरीर आधीपेक्षा जास्त ऊर्जा जाळायला लागलं. माणसं मोजकीच होती आणि ती कॅप्सूल होती, ठेचा नव्हे.

बाकी बाजरीची भाकरी, तीळगूळ, डिंकाचे लाडू यात जादू वगैरे काही नाही, तिळात जवळपास निम्मं तेलच असतं, थंडीत शरीराला इंधन लागतं ते मिळतं. आमच्याकडे संध्याकाळी कुळथाचं गरमागरम पिठलं असतं, वरून लसणाची फोडणी, तेवढं पुरतं. स्वेटर मात्र घालाच.