हात गरम आहे, मग ती गेली कशी?

ब्रेन डेड म्हटलं की नातेवाईक हमखास विचारतात, 'अंग गरम आहे, छाती वरखाली होतेय, मग माणूस गेला कसा?' प्रश्न रास्तच आहे.

मेंदूत रक्तस्राव झालेल्या एका बाईंचा धाकटा भाऊ दोन दिवस माझ्याशी यावरच वाद घालत होता.

"मॅडम, मॉनिटरवर ठोके दिसतायत की!"

"दिसणारच. ठोक्याची चालना हृदयातच तयार होते. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. श्वासाचा हुकूम मात्र मेंदूच्या देठातूनच यावा लागतो."

"आणि काल बोट हललं ते?"

"ते मज्जारज्जूमुळे. तिला कळून नव्हे."

तो मान डोलवायचा, पटत काहीच नव्हतं. मग फोनवर तो आईला सांगताना कानावर आलं, "ताईला मशीनवर जिवंत ठेवलंय." चपापलेच. पहिल्या भेटीत हे वाक्य मीच बोलले होते! आता कुणाच्या डोक्यातून काय काढायचं?

डॉक्टरांना विचारून दुसऱ्या तपासणीच्या वेळी त्याला खाटेशी उभं केलं. व्हेंटिलेटर सुटा केला, नळीतून प्राणवायू चालूच ठेवला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला की मेंदूच्या देठात जरा जरी धुगधुगी असेल तर श्वास येतोच. त्यासाठी आठ-दहा मिनिटं बघतात. त्याची नजर ताईच्या छातीवर खिळलेली. नकळत त्यानं स्वतःचाही श्वास रोखला होता. मिनिटभरात धाप लागून तो सुटला. ताईची छाती तशीच, निश्चल.

बाहेर येऊन म्हणाला, "घरी किती वाजता गेली म्हणून सांगू?"

दोन दिवस मी समजावत होते, आणि समजलं ते त्या मिनिटभरात. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: मृत्यू पटवायचा नसतो, दिसू द्यायचा असतो. सगळ्यांनाच बघवत नाही, म्हणून आधी विचारावं. 'ब्रेन डेड आहेत, पण...' यातला 'पण' गाळावा. 'मृत्यू झाला आहे' असं सरळ म्हणावं. कोमात मेंदू जिवंत असतो, इथे नसतो, हेही सांगावं. आणि अवयवदानाचा विषय त्याच बैठकीत मुळीच काढू नये.

मी तो संध्याकाळी काढला. घरच्यांशी बोलून आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "तोवर मशीन चालू राहील ना?"

"राहील. पण तिच्यासाठी नाही, अवयवांसाठी."

"माहितीये," तो म्हणाला.