मॉन्ते आल्बानला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

मॉन्ते आल्बान म्हणजे मेक्सिकोतल्या वाहाका शहराजवळच्या डोंगरावरचे एका प्राचीन शहराचे अवशेष. ते बघायला अर्ध्या दिवसाची गाइडसोबतची सहल निवडली असेल, तर उत्तम केलंत. त्याच दिवसात मित्ला (त्याच भागातलं दुसरं प्राचीन स्थळ) कोंबू नका. नवखे हमखास हेच करतात आणि दोन्हीकडे नुसती धावपळ होते.

- सकाळचीच वेळ घ्या. हा डोंगर समुद्रसपाटीपासून १९०० मीटरहून उंच, वर सावली जवळपास नाही. टोपी, पाणी, पकड असलेले बूट हवेतच. पायऱ्या उंच आहेत, दम लागतो, सावकाश चढा.
- बुकिंग करतानाच विचारा: प्रवेश तिकीट धरलंय का, गाइड कोणत्या भाषेत बोलणार?

वर पोचलात की लगेच फोटोंच्या मागे लागू नका. आधी दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या चौथऱ्यावरून सगळं पटांगण नजरेखाली घाला. झापोतेक या इथल्या मूळ रहिवाशांनी इ.स.पू. ५०० च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून हे शहर वसवलं, ते तिथूनच उमगतं. मग ‘दान्सान्तेस’च्या (म्हणजे ‘नर्तकां’च्या) कोरीव शिळांपाशी नीट थांबा. मिटलेले डोळे, वेडेवाकडे हातपाय... हे नर्तक नसून ठार केलेले कैदी असावेत, असं आज बरेच अभ्यासक मानतात. गाइडला इथेच भरपूर प्रश्न विचारा, अजिबात संकोच नको.

राजवंश, कालगणना वगैरे सध्या राहू द्या. आणि १९३२ मध्ये सातव्या थडग्यात सापडलेलं सोनं इथे शोधू नका, ते शहरातल्या सान्तो दोमिंगो या जुन्या मठातल्या संग्रहालयात आहे. दुपार मोकळी असेल तर तिकडे जरूर जा.