हळदीचं फुटेज आणि दमलेला लॅपटॉप

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीकडे लग्नाचे व्हिडिओ करतो. लॅपटॉप आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड २ जीबीचं, घेताना दुकानदार म्हणाला होता सगळं चालतंय बिनधास्त न्या. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि कलरच्या सॉफ्टवेअरचं फुकटचं वर्जन टाकलंय. कटिंगपर्यंत बरं चालतं, पण कलरला गेलो, तीन-चार नोड (रंगाच्या बदलाची एकेक पायरी) लावले की जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मेमरी फुल म्हणून मेसेज येतो आणि लॅपटॉप तव्यासारखा तापतो. फुटेज मोबाइलचं, फोर के. मित्र म्हणतो पैसेवालं वर्जन क्रॅक करून टाक. रॅम वाढवू की क्रॅक टाकू?

उत्तर : क्रॅकचं आधी डोक्यातून काढा, तुमचा प्रॉब्लेम तो नाहीच. फुकटच्या वर्जनमध्येही अल्ट्रा एचडी, म्हणजे तुमचं फोर के, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं, लग्नाला अजून काय पाहिजे? नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे घालवणं, असल्या काही गोष्टी पैसेवाल्यात आहेत, आणि नॉइज रिडक्शन टाकलंत तर तुमचं २ जीबीचं कार्ड पहिल्याच क्लिपला हात टेकेल.

मुळात रिझॉल्व्ह हे सिनेमावाल्यांचं मशीन. दा विंची कंपनी २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक या कंपनीने घेतली त्याआधी ही सिस्टीम स्टुडिओवाले लाखो डॉलर मोजून घ्यायचे, फुकटचं वर्जन आलं २०११ मध्ये. किंमत उतरली, भूक नाही उतरली. कलरचं जवळपास सगळं काम ते ग्राफिक्स कार्डवर टाकतं, म्हणून मेसेज येतोय तो कार्डाच्या मेमरीचा, रॅमचा नव्हे. रॅम १६ करा, करायलाच पाहिजे, पण त्याने हा मेसेज जाईल असं समजू नका, आणि लॅपटॉपचं कार्ड काय बदलता येत नाही.

मग ओझं कमी करायचं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइन १०८० पी करा, फोर केच्या पाव पिक्सेल होतात, आणि खरं सांगा, नवरीकडचे बघणार कुठे, व्हॉट्सॲपवरच ना? दुसरं म्हणजे मोबाइलच्या एच २६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) फाइलमध्ये बऱ्याच फ्रेम अख्ख्या नसतातच, आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधून काढाव्या लागतात, त्यात प्रोसेसर घामाघूम होतो. मीडिया पूलमध्ये क्लिपांवर राइट क्लिक करून प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या बनवा, डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये, तिथे प्रत्येक फ्रेम पूर्ण असते म्हणून फाइल फुगते पण चालते सुळसुळीत. रात्री लावून झोपा, डिस्कवर जागा ठेवा. मोबाइलचा फ्रेम रेट मागेपुढे होत असतो, सनई आणि ओठ जुळत नसतील तर फुटेज आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेम रेटला काढून घ्या.

कार्ड एनव्हिडियाचं असेल तर गेमवाल्यांसाठीचा गेम रेडी ड्रायव्हर सोडून स्टुडिओ ड्रायव्हर टाका. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रिझॉल्व्हला हाय परफॉर्मन्स दिलंय का तेही बघा, कारण कधी कधी मोठं कार्ड नुसतं बसून असतं आणि प्रोसेसरमधलं बारकं ग्राफिक्स राबत असतं.

नवीन वर्जन आलं म्हणून सीझनमध्ये लगेच अपडेट मारू नका, बीटा, म्हणजे चाचणीचं वर्जन, तर नकोच. नव्यात उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही. अपडेट करायचंच असेल तर आधी रिझॉल्व्हच्या डेटाबेसचा (त्यात सगळे प्रोजेक्ट असतात) बॅकअप पेनड्राइव्हवर, आणि हातातली हळद, लग्न, रिसेप्शन सगळं पार्टीला देऊन झाल्यावरच.