एक पलंग, दोन गाद्या

*ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली आणि गादीही तेवढीच जुनी. मधोमध खड्डा पडलाय. नवी घ्यायची हे दोघांनाही मान्य आहे, पुढे गाडी अडलीय. नवऱ्याची कंबर दुखते, त्याला पाटासारखी कडक गादी हवी. वजनाने तो माझ्या जवळजवळ दीडपट, आणि रात्रभर कूस बदलत असतो. मी कुशीवर झोपते. कडक गादीवर माझा खांदा अवघडतो, पहाटे हाताला मुंग्या येतात. शिवाय तो वळला की मी टक्क जागी. महिनाभर बाहेर सोफ्यावर झोपतेय. तो म्हणतो, "माझ्याशिवाय झोपायची सवय लावून घे." दुकानदार म्हणतो, मध्यम घ्या, दोघांचंही भागेल. खरंच भागेल का?*
*– डाव्या कुशीवरची*

भागेल की. दोघांचंही थोडं थोडं बिघडवून.

मध्यम गादी वाईट असते असं नाही. उलट तुमच्या यजमानांनी ऐकावी अशी एक गोष्ट आहे. कंबरदुखी जुनी असलेल्या ३१३ जणांवर स्पेनमध्ये एक अभ्यास झाला, तो २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम-कडक. नव्वद दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. म्हणजे 'कंबर दुखते म्हणून कडक' हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. (हे त्यांना सांगा, पण 'बघ, मी म्हणत नव्हते?' हा सूर वगळून.)

अडचण निराळीच आहे. लेबलवरचं 'मध्यम' त्या त्या कंपनीचं असतं, त्याला सर्वमान्य माप नाही. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचंही तेच. आणि गादी किती कडक लागते हे वर कोण झोपलंय यावर ठरतं. वजनदार माणूस जास्त रुततो, हलका माणूस वरच्या वर राहतो. जी गादी त्यांना मऊ वाटेल, तीच तुम्हाला टणक वाटेल. दोघंही खरं बोलत असता आणि भांडण मात्र होतं.

शिवाय तुमच्या पत्रात एक सोडून दोन तक्रारी आहेत. पहिली खांद्याची. कुशीवर झोपणाऱ्याचं वजन खांद्यावर आणि नितंबावर येतं. तिथे गादीने जरा आत जायला हवं आणि कंबरेला खालून आधार द्यायला हवा. म्हणजे वरचा थर मऊ, खालचा घट्ट. दुसरी तक्रार हादऱ्याची, आणि तिचा कडक-मऊशी फारसा संबंध नाही. जुन्या पद्धतीच्या गादीत स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, एक दबली की शेजारची हलते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे हादरा बराचसा जिथल्या तिथे राहतो. मेमरी फोम तर तो जवळजवळ गिळूनच टाकतो. दुकानात तुम्हाला 'अंतराळवीरांचं तंत्रज्ञान' ऐकवतील. ते १९६६ साली नासासाठी तयार झालं हे खरं, पण विमानाच्या सीटसाठी. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि हळूहळू पूर्ववत होतो. सतत कूस बदलणाऱ्या वजनदार माणसाला त्यात अडकल्यासारखं होतं, आणि उकडतंही. तुमच्या यजमानांसाठी मी तो सुचवणार नाही. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, लगेच उसळी घेतो, त्यांना तो बरा वाटेल.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: पलंग एक, गाद्या दोन. त्यांच्या बाजूला त्यांची, तुमच्या बाजूला तुमची. पलंग ७२ इंच रुंद असेल तर ३६-३६ इंचाच्या दोन सिंगल गाद्या नेमक्या बसतात. लांबी आणि जाडी मात्र तंतोतंत एक हवी, नाहीतर मधे पायरी तयार होते. दोन्ही मिळून कडेने पट्टा बांधला की सरकत नाहीत. मधल्या फटीत भरायला फोमची पट्टी मिळते, वरून एकच मोठी चादर. पांघरुणं मात्र दोन ठेवा, निम्मी ओढाताण तिथेच संपते. पलंग ६० इंचीच असेल तर हा बेत सोडा, तीस इंचात ते वळणार कुठे? मग त्यांना मानवेल अशी एकच पॉकेट स्प्रिंगची गादी घ्या आणि तुमच्या अर्ध्या भागावर दोन इंची टॉपर, म्हणजे वरून पसरायचा मऊ थर, टाका. कडक गादी वरून मऊ करता येते. सध्याच्या खड्ड्यावर टॉपर टाकायचा मोह झाला तर आवरा, तोही खड्ड्यातच जाईल. आणि गादी काढाल तेव्हा खालचा प्लाय किंवा फळ्या बघून घ्या. त्याच वाकल्या असतील तर नवी गादीही वर्षभरात झोळी होईल.

दुकानात बसून, हाताने दाबून काही कळत नाही. दोघांनी आडवं व्हा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं. लाजू नका. यजमानांना तुमच्या पाठीमागून एक फोटो काढू द्या: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे. कंबर खाली लोंबत असेल तर गादी मऊ, खांदा वर ढकलला जात असेल तर कडक. जाताना आपली उशीही बरोबर न्या. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा ते कान एवढं अंतर भरून काढणारी उशी लागते. तुमच्या मुंग्यांमागे चपटी झालेली उशीही असू शकते. मुंग्या दिवसाही येत असतील, किंवा त्यांचं दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टर, मग दुकान.

आता सोफा. झोपेसाठी बाहेर जाणं हा काही गुन्हा नाही, आणि संसार मोडायला निघाल्याचं लक्षण तर मुळीच नाही. पण रात्री दीड वाजता जाग आल्यावर शेजारची जागा रिकामी दिसली, तर माणूस गादीचा विचार करत नाही. त्यांच्या टोमण्यात राग कमी आणि धास्ती जास्त आहे, असं मला वाटतं. तेव्हा जायचं तर सांगून जा, आणि दोघांना झोप येईपर्यंत त्याच पलंगावर गप्पा मारत पडा. दोन गाद्यांचा विषय दिवसा काढा, 'मला परत आत यायचंय' इथून सुरुवात करून. त्यांची गादी त्यांना निवडू दे. ती तुम्हाला दगड वाटली तरी बोलायचं नाही, त्यावर तुम्हाला झोपायचं नाहीये.

नवी गादी अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात, पहिल्या चार रात्रींत निकाल लावू नका. परत करण्याची मुदत किती आणि ती दोन्ही गाद्यांना वेगवेगळी लागू आहे का, हे बिलावर लिहून घ्या. डाग पडलेली गादी सहसा परत घेत नाहीत, म्हणून पहिल्या रात्रीपासूनच वर कव्हर चढवा.

– ताई