पहिलं ऑटोक्रॉस: घरची स्विफ्ट चालेल का?

खारघरला राहता, घरची स्विफ्ट आहे, पहिल्यांदाच ऑटोक्रॉसमध्ये उतरायचंय. गाडीत काय बदलावं असं विचारलंय. काही बदलू नका. ऑटोक्रॉस म्हणजे एका वेळी एकच गाडी, मोकळ्या मैदानावर शंकूंनी आखलेली वळणं आणि घड्याळ, एवढाच मामला. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. बराचसा ट्रॅक दुसऱ्या गिअरमध्येच निघतो, त्यामुळे ताकदवान इंजिनावाचून फार काही अडत नाही.

आधी ट्रॅक पायी बघू देतात, तेव्हा गप्पा मारत फिरू नका. प्रत्येक वळणाआधी ब्रेक कुठे दाबायचा ते ठरवून ठेवा. ब्रेक गाडी सरळ असतानाच मारायचा, मग स्टिअरिंग. दोन्ही एकदम केलं की पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाते. नजर शंकूवर नको, पुढच्या वळणावर हवी.

टायरमध्ये हवा थोडी जास्त, डोक्यावर आयएसआय हेल्मेट, डिकीतली स्टेपनी-जॅक बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपतीही त्या दिवसापुरता घरी, नाहीतर पहिल्याच वळणाला मांडीवर येईल.

नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. पत्रा चेपला तर खर्च तुमचा. नाव एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था) मान्यता असलेल्या स्पर्धेतच द्या. आणि मित्राबरोबर पाम बीच रोडवर ‘सराव’ तर मुळीच नको. रस्त्यावर शर्यत लावली की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.